पेनड्राइव्हवरून लिनक्स चढत नाही, तेव्हा

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले. त्यामुळे जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये काय किंवा साताऱ्यात काय, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकावे असे अनेकांना वाटते. काम अडले, तर आधी लक्षण ओळखा.

पेनड्राइव्ह दिसतच नाही: आयएसओ फाइल नुसती कॉपी करून सहसा भागत नाही, ती रूफससारख्या प्रोग्रामने लिहावी लागते. त्यात पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते. मग लॅपटॉप सुरू होताच बूट मेनू उघडा. त्यासाठी डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ असते.

मध्येच एरर येते: डाउनलोड अर्धवट असू शकते. फाइलचा चेकसम मूळ संकेतस्थळावरच्या चेकसमशी ताडून पाहा.

सिक्युअर बूट अडवते: उबुंटू, फेडोरा सहसा त्यासह चालतात; इतर काहींसाठी ते बंद करावे लागते. त्याआधी, विंडोजचे बिटलॉकर एन्क्रिप्शन चालू असल्यास, त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर विंडोजमधल्या फायली कुलूपबंद राहतील.

पडदा काळा पडतो: दोष अनेकदा ग्राफिक्सचा असतो. ग्रब मेनूत ‘सेफ ग्राफिक्स’ पर्याय असल्यास तो निवडा.

डिस्क सापडत नाही: काही इंटेल लॅपटॉपांच्या बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी ही स्टोरेजची पद्धत चालू असते. तिथे एएचसीआय निवडावे लागते. मात्र पूर्वतयारीशिवाय ते बदलल्यास जुने विंडोज सुरू होईनासे होऊ शकते.

इन्स्टॉल करण्यापूर्वी पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या ‘लाइव्ह’ रूपात वाय-फाय, आवाज आणि टचपॅड तपासा. फायलींचा बॅकअप त्याच्याही आधी घ्या.