पायांच्या फुगलेल्या शिरा आणि लेसर उपचार

वर्गात उभे राहून शिकविणारे शिक्षक, चौकात वाहतुकीचे नियंत्रण करणारे पोलीस, एस. टी.चे वाहक, यंत्रमागावर पाळी करणारे कामगार, केशकर्तनकार, आचारी अशा दिवसाचे आठ-दहा तास पायांवर काढणाऱ्या मंडळींच्या पोटऱ्यांवर निळसर, वेड्यावाकड्या, दोरीसारख्या फुगलेल्या शिरा पुष्कळदा दिसून येतात. वैद्यकीय परिभाषेत त्यांना ‘अपस्फीत नीला’ म्हणतात; दवाखान्यात ‘व्हेरिकोज व्हेन्स’ हेच नाव रूढ आहे. संध्याकाळी पाय जड होणे, घोट्याशी सूज येणे, रात्री पोटरीत गोळे येणे एवढ्यावर भागते तोवर बहुतेक जण त्याला थकवा समजतात. पुढे घोट्याच्या आतील बाजूची कातडी काळवंडते, खाज सुटते आणि साध्या खरचटण्याचे निमित्त होऊन तेथे जखम होते. ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे भरून येत नाही. मलमपट्टी चालू राहते आणि रोजगार बुडतो. हा विकार म्हणजे केवळ दिसण्याचा प्रश्न, ही समजूत म्हणूनच महागात पडते.

दोष झडपांचा

हृदयाकडून पायांकडे येणारे रक्त रोहिण्यांतून येते आणि नीलांतून परत जाते. परतीचा हा प्रवास चढणीचा आहे. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जाऊन रक्त वर ढकलतात आणि नीलांमधील एकमार्गी झडपा ते खाली येऊ देत नाहीत. स्थिर उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळील नीलांत पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरइतका दाब असतो. तोच माणूस चालू लागला की हा दाब 30 च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की ही सोय नाहीशी होते. रक्त उलटे खाली येते, साचते आणि कातडीलगतच्या नीला फुगतात. उभ्याचे काम हे त्याचे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकता, गरोदरपण, स्थूलता आणि वाढते वय यांचाही त्यात वाटा असतो. गरोदरपणात फुगलेल्या शिरा प्रसूतीनंतर काही महिन्यांत बऱ्याच अंशी ओसरतात. त्यामुळे त्या काळात लेसरची घाई केली जात नाही.

जांघेपासून घोट्यापर्यंत जाणाऱ्या मुख्य वरवरच्या नीलेत हा दोष सर्वाधिक आढळतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ती नीला तारेने ओढून काढण्याची शस्त्रक्रिया चालत आली. ती उपयुक्त होती व आहे. पण तिच्यासाठी कमरेखालचा भाग बधिर करावा लागे किंवा पूर्ण भूल द्यावी लागे, आणि कामावर परतण्यास बरेच दिवस लागत. नीलेच्या आत लेसर वापरण्याची पद्धत 1999 च्या सुमारास पुढे आली. अमेरिकेत तिला 2002 मध्ये मान्यता मिळाली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठीच्या 2013 च्या मार्गदर्शिकेने तर नीला आतून उष्णतेने बंद करण्याच्या पद्धतींना पहिला क्रम दिला आणि ओढून काढण्याची शस्त्रक्रिया तिसऱ्या क्रमावर नेली.

‘शीर जाळल्यावर रक्त जाणार कोठून?’ ही शंका रुग्ण हमखास विचारतात, आणि ती रास्तही आहे. पायातील सुमारे नऊ-दशांश रक्त स्नायूंच्या आतील खोल नीलांतून वर जाते. बिघडलेली वरवरची नीला त्या कामात मदत करीत नसते. उलट तिच्यातून खाली आलेले रक्त खोल नीलांवरच भार टाकते. ती बंद केल्याने रक्ताची वाट अडत नाही, तर चुकीची वाट मिटते. अर्थात खोल नीला मोकळ्या आहेत याची खात्री आधी व्हावयास हवी. त्यासाठी रुग्णाला उभे करून डॉपलर सोनोग्राफी करतात. ही तपासणी न करताच लेसरचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे शहाणपणाचे ठरेल.

प्रत्यक्ष उपचार

लेसरचा प्रकाश म्हणजे क्ष-किरण नव्हेत. त्यातून शरीरात किरणोत्सर्ग होत नाही. येथे तो फक्त उष्णता निर्माण करतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत डॉक्टर गुडघ्याच्या आसपास सुईएवढ्या छिद्रातून नीलेत काचतंतू सरकवितात आणि त्याचे टोक जांघेतील खोल नीलेच्या संगमापासून सुमारे दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवितात. मग नीलेभोवती बधिर करणारे औषध मिसळलेले पुष्कळसे खारट द्रावण टोचले जाते. त्याने वेदना थांबते, नीला तंतूवर आवळली जाते आणि भोवतालच्या कातडीला व मज्जातंतूंना उष्णतेची झळ लागत नाही. खरे टोचते ते याच वेळी. पुढे लेसर सुरू करून तंतू हळूहळू मागे घेतला जात असताना फारसे जाणवत नाही. डोळ्यांच्या रक्षणासाठी खोलीतील सर्वांना चष्मे लावावे लागतात. एका पायाचे काम सहसा तासाभरात आटोपते. पोटरीवरच्या वेड्यावाकड्या फाट्यांसाठी सूक्ष्म छेद किंवा फेसाच्या औषधाचे इंजेक्शन वेगळे लागू शकते. काही फाटे आपोआप आक्रसतात.

पाय घट्ट लवचीक मोज्यात बांधला की रुग्णाला लगेच चालावयास लावतात. हे चालणे उपचाराचाच भाग आहे. अंथरुणावर पडून राहिल्यास खोल नीलेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. पहिले काही दिवस मांडीवर काळेनिळे डाग दिसतात. आठवड्याच्या सुमारास मांडीत दोरी ताणल्यासारखे वाटू लागते आणि पुष्कळ रुग्ण येथेच घाबरतात. वस्तुतः बंद झालेली नीला आक्रसत असल्याची ती खूण होय. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी भागते. बहुतेकांना काही दिवसांत कामावर जाता येते. दूरचा प्रवास आणि तासन् तास उभे राहणे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने काही काळ टाळावे. घोट्याजवळ बधिरपणा, कातडी भाजणे आणि खोल नीलेत गुठळी होणे हे संभाव्य धोके आहेत. शेवटचे दोन विरळ असले तरी पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

वर्षभरानंतर तपासता दहांपैकी नऊंहून अधिक रुग्णांत ही नीला बंदच राहिलेली आढळते. ‘कायमचा बरा’ ही जाहिरात तरीही खरी मानू नये, कारण इतर नीलांच्या झडपा पुढे बिघडू शकतात. ज्यांना आधीच जखम झाली आहे त्यांनी ‘जखम भरू दे, मग पाहू’ असे म्हणत थांबू नये. ब्रिटनमध्ये 450 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दाबपट्टीबरोबर नीला लवकर बंद केलेल्यांची जखम भरण्याचा मध्यक काळ 56 दिवस होता, उपचार लांबविलेल्यांचा 82 दिवस. रोजंदारीवर जगणाऱ्याला या 26 दिवसांचा हिशेब सांगावा लागत नाही. खर्चाबाबत महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच चौकशी करावी आणि कोणता उपचार योजनेत बसतो हे समजून घ्यावे.

उपचार होईपर्यंत एक गोष्ट घरातील सर्वांना ठाऊक असावी. फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली, तर रुग्णाला खुर्चीत बसवू नये आणि मांडीला दोरीही आवळू नये. त्याला आडवे निजवून पाय छातीपेक्षा उंच धरावा व स्वच्छ कापडाने त्या जागी दहा-पंधरा मिनिटे घट्ट दाब द्यावा. धार थांबल्यावर पट्टी बांधून, पाय उंचच ठेवून रुग्णालयात न्यावे.