दुरुस्ती कोठे थांबावी?

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या एका पायरीवर, तो गड उभारणाऱ्या हिरोजीचे नाव कोरलेले आहे. देवदर्शनास येणाऱ्यांचे पाय त्या दगडास लागावेत, एवढीच त्यामागची भावना असल्याचे परंपरा सांगते. आता अशी कल्पना करावी की, पायरी झिजली म्हणून कोणी हौसेने ती उपटली आणि तिच्या जागी यंत्राने तासलेला गुळगुळीत दगड बसवून त्यावर तेच नाव नव्याने कोरले. अक्षरे तीच राहतील आणि पायरीही अधिक देखणी दिसेल. परंतु हिरोजीचा दगड मात्र नाहीसा झालेला असेल. ऐतिहासिक वास्तूंच्या दुरुस्तीचा सारा प्रश्न या एका पायरीत सामावलेला आहे.

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’ने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांपैकी साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रात असून बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. या गौरवाने मराठी मन सुखावले हे स्वाभाविकच होय. परंतु गौरवापाठोपाठ पर्यटक येतात, पर्यटकांपाठोपाठ निधी येतो आणि निधी आला की कामे काढावी लागतात. पडझडीने किल्ल्यांचे जेवढे नुकसान होते, तेवढेच अविचारी दुरुस्तीनेही होऊ शकते, हे या क्षणी ध्यानी घ्यावयास हवे.

दुरुस्तीचे निकष जगाने पुष्कळ विचारांती ठरविले आहेत. १९६४ साली व्हेनिस येथे संमत झालेल्या सनदेचे सार असे की, जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनर्रचना थांबली पाहिजे. जो भाग नव्याने बसवावा लागेल तो मूळ वास्तूशी सुसंगत असावा. मात्र मुळाहून वेगळा ओळखू यावा, म्हणजे पुराव्यात भेसळ होणार नाही. आणि जे काही केले त्याची साद्यंत नोंद राहावी. पुढील काळात यात आणखी एका तत्त्वाची भर पडली. आज केलेला उपाय चुकीचा ठरल्यास तो उद्या मूळ वस्तूला धक्का न लावता काढता आला पाहिजे.

हे तत्त्व किती मोलाचे आहे, याची साक्ष अजिंठा देतो. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने तेथील भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा जागच्या जागी पक्का केला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चित्रांवर दिलेले रोगण कालांतराने पिवळे, काळपट झाले आणि ते उतरविण्यात पुढच्या पिढ्यांतील रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे खपावे लागले. हेतू शुद्ध होता, माणसे जाणती होती. तरीही असे घडले. मग केवळ उत्साहाच्या बळावर केलेल्या कामांविषयी काय बोलावे?

चुना आणि सिमेंट

किल्ल्यांच्या बाबतीत कळीचा मुद्दा सिमेंटचा आहे. रायगडावर राज्याभिषेक झाला १६७४ साली. पोर्टलंड सिमेंटचे एकस्व इंग्लंडात घेतले गेले १८२४ साली. म्हणजे या तटांना सिमेंट ठाऊकच नव्हते. चुनखडी भट्टीत भाजून, पाण्यात विझवून, घाणीत वाळूबरोबर मळून केलेल्या चुन्यावर ते उभे राहिले. बैलांनी फिरवावयाच्या दगडी चाकाच्या अशा घाणी आजही कित्येक गडांवर दिसतात. हा चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश घट्ट होतो. तो दगडापेक्षा मऊ असतो, आणि त्याचा गुणही तोच. भिंत किंचित हलली तर तडा सांध्यात जातो, दगड वाचतो. आत मुरलेले पावसाचे पाणी सांध्यांतून बाहेर पडून वाळते.

सिमेंट याच्या नेमके उलट वागते. ते टणक असल्याने ताण दगडावर येतो. ते ओल कोंडून धरते आणि त्यातील क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साकळून त्याचे पापुद्रे काढतात. काळा पाषाण हे काही काळ सोसेल. पण कोकणचा जांभा आणि वाड्यांची वीट यांना ते फार सोसवत नाही. सांधा भरला, भिंत नवी दिसली, असे समाधान पहिल्या वर्षी लाभते. त्याची किंमत दहा-वीस पावसाळ्यांनंतर कळते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारार्ह आहे. जीर्णोद्धार ही आपली परंपराच नव्हे काय? अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून कितीतरी स्थळी मंदिरे पुन्हा उभारली. पाश्चात्त्यांच्या अवशेषप्रेमाशी आपल्याला काय कर्तव्य? या आक्षेपात तथ्य आहे. जपानात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते आणि तरीही ते प्राचीनच मानले जाते. अस्सलपणाची कसोटी त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात लावावी, हे १९९४ च्या नारा येथील दस्तऐवजाने मान्यही केले. परंतु इसे येथे सुतारांची विद्या पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत आलेली आहे, हे विसरता येत नाही. जिथे पूजा चालू आहे तिथे जीर्णोद्धार समजू शकतो. ज्या गडावरचे राज्यच संपले, तो गड आता इतिहासाचा मूळ कागद आहे. मूळ कागदावर सुंदर अक्षरांत नवा मजकूर लिहिणे याला जीर्णोद्धार म्हणत नाहीत. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरलेल्या जोत्यांवर उद्या कोणी मजले चढविले, तर ते पेशव्यांचे नसतील, चढविणाऱ्याच्या कल्पनेचे असतील.

जुन्या वास्तू जशाच्या तशा गोठवून ठेवाव्यात, असा याचा अर्थ नाही. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय जपणुकीने दुरुस्त होऊन पुन्हा नांदते झाले आणि २००५ साली ‘युनेस्को’च्या पुरस्कारास पात्र ठरले. मुंबईच्या १९९५ च्या नियमावलीने तर वास्तूंच्या तीन श्रेणी करून, कोठे हात लावू नये आणि कोठे बदल चालतील, याची विवेकी वाटणी केली.

किल्ल्यांवरही असाच विवेक हवा. सात महाराष्ट्रीय किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे चार राज्याच्या खात्याकडे आहेत. निकष मात्र दोहोंचा एकच असला पाहिजे. कामाआधी मोजमापे व छायाचित्रे व्हावीत. पाण्याचा निचरा आणि तटात रुजलेले पिंपळ यांकडे प्रथम लक्ष जावे, कारण सर्वांत मोठे शत्रू तेच आहेत. पाऊलवाटा, टाकी, सदरेभोवतीचे मोकळे मैदान हीही वास्तूचीच अंगे मानली जावीत. तेथे रंगीत फरशा पसरू नयेत. चुन्याचे काम जाणणारे गवंडी तयार करण्यासाठी पैसा खर्च व्हावा. गडांवर श्रमदानास जाणाऱ्या तरुणांची निष्ठा अमोल आहे. तिला जाणकारांच्या देखरेखीची जोड मिळाली पाहिजे.

पडलेला बुरूज अभ्यासाने, पुराव्याने सावरता येतो. चुकीने पुसलेली खूण कोणत्याही निधीने परत आणता येत नाही. हिरोजीची पायरी झिजली तरी चालेल. ती बदलली जाऊ नये.