वेळ आल्यावरच कापणारे ट्रिप्सिन

वाटीभर वरणात प्रथिनांच्या असंख्य लांब साखळ्या असतात. आतड्याच्या भिंतीतून त्या अखंड आत जात नाहीत; आधी त्यांचे तुकडे व्हावे लागतात. नुसत्या पाण्यात साखळीतला एखादा बंध आपणहून तुटायला शेकडो वर्षे लागतात. जेवणानंतर मात्र हे काम काही तासांत उरकते. त्यात मोठा वाटा ट्रिप्सिन या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा असतो.

स्वादुपिंडातल्या या विकराला जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८७६ मध्ये हे नाव दिले. पुढे अमेरिकेत जॉन नॉर्थ्रॉप आणि मोझेस कुनिट्झ यांनी त्याचे स्फटिक मिळवले. विकरे ही प्रथिनेच असतात, हे पक्के करणाऱ्या या कामासाठी नॉर्थ्रॉप यांना १९४६ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण त्यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. ट्रिप्सिन प्रथिने तोडते आणि ज्या पेशीत ते जन्मते, तीही प्रथिनांचीच. मग ती पेशी वाचते कशी?

उत्तर असे, की पेशी ट्रिप्सिन बनवतच नाही. ती बनवते ट्रिप्सिनोजेन, म्हणजे त्याचे निष्क्रिय रूप. ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचले, की तिथल्या भिंतीवरचे एंटेरोकायनेज हे विकर त्याच्या टोकाचा छोटा तुकडा छाटते. माणसात तो आठ अमिनो आम्लांचा, म्हणजे साखळीतल्या आठ दुव्यांचा असतो. तेवढ्याने रेणूची घडण बदलते आणि तो कामाला लागतो. हे एंटेरोकायनेज इव्हान पावलोव्ह यांच्या रशियातल्या प्रयोगशाळेत १८९९ मध्ये सापडले. जागे झालेले ट्रिप्सिन उरलेल्या ट्रिप्सिनोजेनला आणि कायमोट्रिप्सिनसारख्या इतर पाचक विकरांच्या निष्क्रिय रूपांनाही जागे करते.

ते कुठेही कापत सुटत नाही. त्याच्या रेणूत साखळी धरणारी एक खोबण असते आणि तिच्या तळाशी ऋणभार असतो. तिथे लायसिन किंवा अर्जिनिन ही धनभारित अमिनो आम्लेच नीट बसतात आणि काप त्यांच्या लगेच पुढे पडतो.

एखादा रेणू स्वादुपिंडातच चुकून जागा झाला तर? त्यासाठी तिथे ट्रिप्सिनला जखडणारे एक छोटे प्रथिन तयार असते. शिवाय ट्रिप्सिनचा एक रेणू दुसऱ्याला तोडूही शकतो. १९९६ मध्ये काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या स्वादुपिंडदाहाचे मूळ सापडले : ट्रिप्सिनोजेनच्या जनुकातल्या बदलामुळे, जिथे काप पडायचा तिथले अर्जिनिनच गेले होते. बंदोबस्तातली एवढीशी त्रुटीही असह्य पोटदुखीचे झटके देते.

ट्रिप्सिनला छोट्या प्रथिनाने जखडता येते, या दुबळ्या जागेचा वनस्पतींनी शस्त्रासारखा उपयोग केला आहे. सोयाबीन आणि इतर अनेक कडधान्यांच्या बियांत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिने असतात. कच्चे सोयाबीन पचत नाही याचे हे एक मोठे कारण; नीट शिजवल्यावर ही प्रथिने बहुतांशी निकामी होतात. १९७२ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स रायन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले, की किड्यांनी एक पान कुरतडले तरी बटाटा आणि टोमॅटोच्या झाडाच्या इतर पानांतही अशी प्रथिने साठू लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हरभऱ्यावरच्या घाटेअळीविरुद्ध मिरचीवर्गातल्या अशाच प्रथिनांचा अभ्यास झाला. अळीही स्वस्थ बसत नाही; ती या प्रथिनांना न जुमानणारी विकरे बनवू लागते.

असा बंदोबस्त केवळ पचनापुरता नाही. जखमेतले रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन हे विकर ट्रिप्सिनच्याच कुळातले आहे. तेही रक्तात निष्क्रिय रूपात फिरते आणि गरज पडल्यावरच जागे होते. पचन असो वा रक्त गोठणे, या कुळाच्या बळावर जीव जगतो. पण तो सुरक्षित राहतो तो प्रत्येक कापाची जागा आणि वेळ ठरवणाऱ्या बंदोबस्तामुळे. म्हणून विकराइतकाच त्याच्या लगामाचाही अभ्यास व्हायला हवा.