सॉफ्टवेअर कंटेनरमधील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल : वेळेच्या नोंदीच्या संदर्भात

प्रस्तावना :
उज्जैन हे प्राचीन काळापासून कालगणनेचे केंद्र मानले जाते. सूर्यसिद्धांताने शून्य रेखावृत्त उज्जयिनीवरून नेले आणि १८ व्या शतकात सवाई जयसिंग यांनी तेथे वेधशाळा उभारली. आज मात्र शहराच्या नानाखेडा भागातील घड्याळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरील भारतीय प्रमाणवेळ दाखवते. ती तेथील स्थानिक वेळेच्या सुमारे २७ मिनिटे पुढे असते. वेळ कोणत्या ठिकाणची, हे आधी ठरवावे लागते. संगणकालाही ते सांगावे लागते. कंटेनरमध्ये ते कसे सांगतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे नाव आणि त्याचे मूल्य यांची जोडी. प्रोग्रॅम सुरू होताना ती त्याला बाहेरून मिळते. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीपासून ही पद्धत रूढ आहे. २०१३ मध्ये डॉकर आल्यावर प्रोग्रॅम व त्याला लागणाऱ्या फाइली एकाच इमेजमध्ये बांधून कोठेही चालवणे सोपे झाले. इमेज सर्वत्र सारखीच असल्याने ठिकाणानुसार बदलणारी माहिती व्हेरिएबलद्वारे पुरवली जाते.

मूल्य देण्याचे मार्ग :
१) डॉकरफाइलमधील 'ईएनव्ही' सूचना : हे इमेजमधील मूळ मूल्य होय.
२) कंटेनर सुरू करताना 'उणे ई' हा पर्याय : येथे दिलेले मूल्य इमेजमधील मूल्यावर मात करते.
३) वेगळी फाइल : व्हेरिएबल अनेक असल्यास ही पद्धत सोयीची.
'एआरजी' सूचनेतील मूल्य केवळ इमेज बांधतेवेळी उपलब्ध असते, हा फरक विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावा.

उदाहरण :
समजा, नानाखेडा भागातील एका महाविद्यालयाने स्वाध्याय स्वीकारण्याची प्रणाली कंटेनरमध्ये बसवली. कंटेनरची वेळ सहसा जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. मुदत १५ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत असताना १६ तारखेला पहाटे २ वाजता आलेल्या स्वाध्यायाची नोंद १५ तारखेच्या रात्री ८.३० ची होते. उशिरा आलेला विद्यार्थी वेळेवर आलेला ठरतो आणि वेळ पाळणाऱ्यांवर अन्याय होतो. यावरील उपाय म्हणजे 'टीझेड' या व्हेरिएबलला 'एशिया/कोलकाता' हे मूल्य देणे.

दक्षता :
१) क्षेत्राचे नाव चुकले तर सहसा त्रुटीचा संदेश येत नाही, वेळ निमूटपणे जागतिकच राहते. अल्पाइनसारख्या लहान इमेजमध्ये कालक्षेत्राची माहिती वेगळी बसवावी लागते. म्हणून 'डेट' आज्ञा देऊन खात्री करावी.
२) तयार कंटेनरचे व्हेरिएबल नुसते पुन्हा सुरू करून बदलत नाही, नवीन कंटेनर तयार करावा लागतो.
३) 'ईएनव्ही' मध्ये पासवर्ड लिहू नये. इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला तो वाचता येतो. गुप्त माहितीसाठी वेगळी संरक्षित फाइल जोडावी.

निष्कर्ष :
एकाच इमेजचे दोन कंटेनर, एक 'टीझेड' देऊन व दुसरा न देता, विद्यार्थ्यांकडून चालवून घ्यावेत. दोन्हींतील साडेपाच तासांचे अंतर पाहिल्यावर, प्रोग्रॅम आणि त्याची मांडणी या वेगळ्या बाबी आहेत, हे त्यांना सहज उमजेल.