झाडाला भुंगा, भुंग्याला माशी

चंद्रावर एक विवर आहे, मंगळावर एक आहे आणि दोन्हींना नाव एकाच माणसाचं: एतिएन लिओपोल्ड त्रुव्हेलो. हा फ्रेंच गृहस्थ ग्रहताऱ्यांची चित्रं इतकी झकास काढायचा की हार्वर्डच्या वेधशाळेने त्याला बोलावून घेतलं. पण आकाशाकडे नजर जाण्याआधी स्वारीला रेशमाचं वेड होतं. १८६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावी राहत असताना त्याने युरोपातून जिप्सी मॉथ नावाचे पतंग आणून परसात पाळले. रेशीम काही मिळालं नाही, पतंग मात्र सुटले. तिकडच्या ओकच्या जंगलांचा पाला त्यांचे सुरवंट आजतागायत फस्त करताहेत.

परक्या मुलखात कीड एवढी माजते कशी? ती येते एकटी. तिच्यावर जगणारे मायदेशीच राहतात. म्हणून मग कीटकशास्त्रज्ञ तिच्या माहेरी जाऊन तिचे वैरी शोधतात आणि पाठोपाठ आणून सोडतात. उसात ट्रायकोकार्ड लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला मित्रकीटक नवे नाहीत. पण कार्डं दर हंगामाला लावावी लागतात. हजारो एकर जंगलात दरसाल कोण फिरणार? तिथे असा वैरी हवा, की एकदा सोडला की आपला संसार त्याने आपणच थाटावा. आणि माझं मत विचाराल तर तो खाण्याच्या बाबतीत जितका नखरेल, तितका कामाचा.

आधी बकासुराची गोष्ट

नखरे नसले की काय होतं, ते त्रुव्हेलोच्या पतंगांनीच दाखवलं. त्यांच्या बंदोबस्तासाठी १९०६ साली युरोपातून काँप्सिल्युरा नावाची माशी आणली. ती सुरवंटाच्या अंगात थेट आपली पिल्लं टोचते. ती आतून त्याला खातात. उत्तम! पण जिप्सी मॉथची वर्षाला एकच पिढी, आणि माशीच्या तीन-चार. मग उरलेलं वर्ष माशीने काय करायचं? तिने दिसेल त्या सुरवंटावर हात मारला. आज तिच्या यादीत १८०हून अधिक जाती आहेत. त्यात सेक्रोपिया हा अमेरिकेचा तळहाताएवढा देखणा पतंगही सापडला. आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या टसर किड्याचा तो भाऊबंद. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुद्दाम जंगलात सोडलेल्या सेक्रोपियाच्या ज्या अळ्या कोवळ्या वयात मेल्या, त्यांतल्या तब्बल ८१ टक्के या एका माशीने संपवल्या होत्या. आपल्याकडे रेशीमवाल्यांची झोप उडवणारी उझी माशी याच कुळातली, हे सांगितलं की विदर्भातल्या वाचकाला जास्त समजवावं लागणार नाही.

मरण गिळणारी अळी

सेक्रोपियाच्या त्या अभ्यासातले एक शास्त्रज्ञ होते जोसेफ एल्किंटन. पुढे त्यांच्याच दारात दुसरी युरोपीय कीड आली: विंटर मॉथ. ही बया ऐन थंडीच्या तोंडावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, बाहेर पडते. मादीला पंख जवळपास नाहीतच; ती खोडावरून चालत वर चढते आणि अंडी घालते. वसंतात अळ्या ओक, मेपल, सफरचंद, जे मिळेल त्याची कोवळी पालवी खातात.

पुन्हा माशीच आणायची, म्हटल्यावर कुणाच्याही पोटात गोळा आला असता. एल्किंटन यांनी निवडली सायझेनिस अल्बिकॅन्स. ती १९५०च्या दशकात कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात याच कामावर लावली होती आणि तिथे तिने नाव काढलं होतं. तिची तऱ्हाच न्यारी. अळीला ती शिवतही नाही. कुरतडलेल्या ओकच्या पानांचा वास घेत येते आणि पानांच्या कडेवर बारीकबारीक अंडी पेरून जाते, एकेक मादी हजाराच्या घरात. अळी पान खाते आणि त्यासोबत अंडीही गिळते. अंडं पोटात फुटतं. पण आतला पाहुणा घाई करत नाही. अळी जेवून-खाऊन, फुगून, जमिनीत उतरून कोष करेपर्यंत तो गप्प दबा धरून असतो. मग कोषात शिरल्यावर तिला खातो आणि तिच्याच कोषात पुढचा वसंत येईपर्यंत मुक्काम ठोकतो. म्हणजे या माशीचीही वर्षाला पिढी एकच, थेट किडीच्या पंचांगाला जुळलेली. इकडेतिकडे तोंड मारायला तिला वेळच नाही! २००५पासून मॅसॅच्युसेट्समध्ये तिला जागोजागी सोडलं गेलं आणि तिने बस्तान बसवल्यावर विंटर मॉथचं पीक ओसरलं.

खसखशीच्या दाण्याएवढी फौज

२००२मध्ये डेट्रॉइटजवळ पाचूसारखा हिरवागार चकाकणारा एक भुंगेरा सापडला: एमराल्ड ॲश बोरर. चीनकडून आलेल्या मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आला असावा. ॲश हे अमेरिकेचं लाडकं झाड, बेसबॉलच्या बॅटी परंपरेने त्याच्याच लाकडाच्या. भुंगेऱ्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे खणतात, झाडाचा रस तुटतो आणि दोन-चार वर्षांत उभं झाड वाळतं. अशी कोट्यवधी झाडं गेली.

२००७पासून चीनमधल्या तीन गांधीलमाश्या मैदानात उतरवल्या. गांधीलमाशी म्हटलं की आपण घाबरतो, पण यातली ऊबियस जेमतेम एक मिलिमीटरची, खसखशीच्या दाण्याएवढी. डंखबिंख काही नाही. सालीच्या भेगेत लपवलेलं भुंगेऱ्याचं अंडं ती हुडकते आणि त्यात आपलं अंडं ठेवते. नराची तिला फारशी गरज पडत नाही. माद्यांच्या पोटी माद्याच. जंगलात तिला पाठवायची पद्धत तर आणखी मजेदार. औषधाच्या गोळ्यांची असते तसली बाटली झाडाला अडकवायची, आत तिने अंडी घातलेली भुंगेऱ्याची अंडी ठेवायची आणि निघून यायचं. मिशिगनमधल्या ब्रायटन गावी या माश्यांची पैदास करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. मेख अशी की माश्या वाढवायच्या तर त्यांचं खाद्य आधी वाढवा, म्हणजे ज्या भुंगेऱ्याने झोप उडवली त्याचेच लाड करा.

दुसरी टेट्रास्टिकस. ती सालीखालच्या अळीपर्यंत अंडी घालायची सुई पोचवते. एका अळीत डझनावारी पिल्लं. पण सुई आखूड. साल ३.२ मिलिमीटरहून जाड झाली की ती हात टेकते. म्हणजे रोपटी वाचली, थोराड झाडं उघडीच. मग चीनमधल्या तिघींच्या जोडीला रशियाच्या अतिपूर्वेकडून लांब सुईची स्पेथियस गॅलिनी आणली. २०१५मध्ये तिला परवानगी मिळाली.

बेसबॉलच्या मैदानावर चोरी

याच भुंगेऱ्याच्या मागावर एक अस्सल अमेरिकन गांधीलमाशीही आहे, सर्सेरिस. तिला कुणी आणलेलं नाही. ती असेच चकाकते भुंगेरे पकडते, डंख मारून लुळे करते आणि पिल्लांसाठी जमिनीतल्या बिळात साठवते. बीळ कुठे? घट्ट दाबलेल्या रेताड मातीत, त्यामुळे बेसबॉलची मैदानं तिला फार पसंत. ती माणसाला सहसा चावत नाही. मग शास्त्रज्ञांनी आणि हौशी मंडळींनी डोकं लढवलं. बिळाच्या तोंडावर बारीक भोकाचं प्लास्टिकचं कार्ड ठेवायचं. माशी रिकाम्या हाताने बाहेर पडू शकते. पण काखोटीला भुंगेरा मारून परतली की भोकातून आत शिरता येत नाही. वैतागून ती भुंगेरा टाकते. आपण उचलायचा आणि बघायचा: पाचूवाला तर नाही? २०१२मध्ये कनेटिकट राज्यात ही कीड पोचल्याचा पहिला सुगावा या माशीनेच दिला. सापळ्यांवर खर्च करणाऱ्यांनी काय म्हणावं!

नोकरीत आळसावलेला जंत

हा कीटक नव्हे, पण सोडवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पाइनच्या लागवडींना सायरेक्स नावाच्या लाकूडमाशीने ग्रासलं. तिच्यावर उपाय म्हणून एक सूक्ष्म जंत सापडला. तो माशीच्या अंड्यांत शिरतो. ती बिचारी झाडामागून झाड हिंडून पिल्लांऐवजी जंतच पेरत सुटते. पण या जंताचा दुसराही अवतार आहे, त्यात तो नुसती बुरशी खाऊन सुखाने जगतो. प्रयोगशाळेत सोयीसाठी त्याला वर्षानुवर्षं बुरशीवरच पोसलं. आयतं खाऊन तो मूळचा धंदा विसरत चालला. १९८७च्या सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाच्या सीमेवर सुमारे ५० लाख झाडं गेली, तेव्हा चूक ध्यानात आली. पुन्हा टास्मानियाच्या कामोना जंगलातून ताज्या दमाचा जंत आणावा लागला.

नेपोलियनच्या बेटावर

सेंट हेलेना म्हटलं की नेपोलियनच आठवतो. त्या बेटाचं राष्ट्रीय झाड गमवुड. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, पण चक्क वृक्ष! जगात दुसरीकडे कुठे नाही. १९९०च्या आसपास त्यावर दक्षिण अमेरिकेतली ऑर्थेझिया ही खवलेकीड चढली आणि उरलीसुरली झाडं पटापट मरू लागली. १९९३मध्ये केनियातून एक छोटा ढालकिडा आणला. तो अंडी घालतो कुठे, तर किडीच्याच पाठीवर. दोनेक वर्षांत किडीचा जोर मोडला.

पांगाऱ्याचा हवाई भाऊ

फाल्गुनात लालभडक पेटणारा आपला पांगारा. त्याचा चुलतभाऊ हवाई बेटांवर राहतो, विलीविली. तिथले लोक पूर्वी त्याच्या हलक्या लाकडाच्या लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या करत. २००५मध्ये तिथे एक बारीक गांधीलमाशी पोचली. पानं-देठं गाठींनी सुजून झाडं पटापट ओकीबोकी झाली. वैरी मिळाला टांझानियात. बंद खोलीत त्याची खाण्याची चाचणी घेतली, इतर कशाला तोंड लावत नाही अशी खात्री झाली आणि २००८च्या नोव्हेंबरात त्याला सोडलं. याची अळी एका गाठीतली शिकार संपवून शेजारच्या गाठीत घुसते.

आणि आपला सुबाभूळ

उरुळीकांचनच्या बाएफने, मणिभाई देसाईंच्या पुढाकाराने, हवाईहून आणलेला सुबाभूळ गावोगाव पोचला. चारा झटपट, सरपण झटपट. सगळा देश त्याच्या प्रेमात पडला. १९८४मध्ये त्याचे कोवळे शेंडे शोषणारी सिला कीड हवाईत उतरली आणि बेटाबेटांवरून उड्या मारत १९८८मध्ये तमिळनाडूत आली. त्याच वर्षी थायलंडहून बंगळुरूला निळसर-काळा क्युरिनस ढालकिडा मागवला. थायलंडला तो हवाईतून मिळालेला आणि हवाईत पूर्वीच मेक्सिकोतून नेलेला. सुबाभूळही मूळचा मेक्सिकोकडचा आणि कीडही त्याच भागातली. तिघांची पुन्हा भेट झाली, तीही कर्नाटकात.