आव्यातील पाणी



ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानमंदिराच्या निळ्या फरश्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. राजा मानसिंह तोमर (राज्यकाल 1486–1516) याने बांधविलेल्या या वाड्यावरील हत्ती, हंस व केळी पाच शतकांचे ऊनपाऊस सोसून अद्याप चकाकत आहेत. याचे श्रेय आपण अग्नीला देतो. परंतु भाजणीची अर्धी विद्या पाण्याची आहे.

मातीत पाणी दोन प्रकारे वसते. मळताना घातलेले पाणी 100 अंश सेल्सिअसच्या सुमारास वाफ होऊन निघते. दुसरे मातीच्या घटनेतच बांधलेले असते. शुद्ध चिनी मातीत ते वजनाच्या सुमारे 14 टक्के असून साधारणपणे 450 ते 600 अंशांच्या दरम्यान सुटते. एक लिटर पाण्याची सुमारे 1,700 लिटर वाफ होते. तिला बाहेर पडण्यास अवधी मिळाला नाही, तर मडके फुटते. म्हणूनच कुंभार आव्याला आरंभी मंद धग देतो.

लाकूड-गोवऱ्यांच्या जागी वायू आला, तेव्हा धूर घटला आणि आच तोटीच्या आज्ञेत आली. पाणी मात्र हटले नाही. नैसर्गिक वायूतील मुख्य घटक मिथेन. तो एक किलो जळला की सव्वादोन किलो पाणी वाफेच्या रूपाने जन्मास येते. भट्टी थंड असताना ही वाफ गार भांड्यांवर दवासारखी बसते व वाळलेल्या मातीला पुन्हा ओलावते. म्हणून प्रारंभी ज्योत बारीक आणि धुराड्याची झडप उघडी ठेवावी लागते.

कोळशापासून वायू काढतानाही पाणी लागतेच. तापलेल्या कोळशातून हवा व वाफ सोडतात. निघालेला वायू निववताना डांबर व फेनॉल मिसळलेले सांडपाणी उरते. गुजरातेतील मोरबीच्या फरशी-कारखान्यांतील असे संच बंद करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 साली दिला. फरशी चकचकीत निघाली पण गावची विहीर नासली, तर ती भाजणी साधली असे कसे म्हणावे?

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे कोण ते पारखले, आणि नामदेव कच्चे ठरले, अशी आख्यायिका आहे. नामदेव रुसले, पण पुढे गुरूकडे जाऊन पक्के झाले. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्यांनीही आमचे कच्चेपण ओळखले होते. मात्र ओल निघण्यापूर्वी कोणाला मोठ्या आचेवर धरले नाही.