कुरणांच्या गावाची माणसे

‘लास व्हेगास’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘कुरणे’ असा आहे. मोहावे वाळवंटातल्या शहराला असे नाव का पडावे, या कुतूहलातून माझा या विषयाशी संबंध आला. तोवर माझ्याही डोळ्यांपुढे सर्वांना ठाऊक असलेलेच चित्र होते: झगमगत्या पाट्या, जुगाराची टेबले आणि त्यांच्या आडचे गुंड व धनदांडगे. नावाचे उत्तर सोपे निघाले. तिथे जिवंत झरे होते, त्यांच्या ओलीवर गवत वाढे आणि वाळवंट ओलांडणारे तांडे तिथे मुक्काम करीत. पण ते शोधताना काही वेगळीच माणसे भेटली. हॉटेलमालकांची चरित्रे वाचली की हॉटेले कशी उभी राहिली ते कळते. या शहरात कोणी राहायचे, कुठे राहायचे आणि कोणत्या अटींवर राहायचे, हे कसे ठरत गेले ते कळण्यासाठी साध्या रहिवाशांकडे जावे लागते. त्यांपैकी चौघांची ही ओळख.

झऱ्यांची मालकीण

हेलन स्ट्युअर्ट १८८२ साली नवऱ्याबरोबर या झऱ्यांकाठच्या रँचवर राहायला आली. दोनच वर्षांनी, जुलै १८८४ मध्ये, शेजारच्या रँचवर नवऱ्याला गोळी घालून मारण्यात आले. प्रेत घेऊन जा, अशा अर्थाची चिठ्ठी तिला आली. पदरी चार मुले होती, पाचवे पोटात होते. तिने रँच सोडली नाही. जवळपास दोन दशके गुरे, फळबागा आणि वाटसरूंचा राबता तिने सांभाळला. १८९३ मध्ये ती तिथली पोस्टमास्तर झाली.

१९०२ मध्ये तिने सुमारे १,८०० एकरांची रँच पाण्याच्या हक्कांसह ५५,००० डॉलरना रेल्वेकंपनीला विकली. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, म्हणून कंपनीला झरे हवे होते. १५ मे १९०५ रोजी कंपनीने तिथल्या भूखंडांचा लिलाव सुरू केला, तोच शहराचा वाढदिवस मानला जातो. मात्र त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या पाय्यूट लोकांना या आखणीत जागा नव्हती. १९११ मध्ये हेलनने त्यांच्या वसाहतीसाठी सरकारला दहा एकर जमीन विकली. शहराच्या मध्यावर आजही पाय्यूट वस्ती आहे, ती या व्यवहारामुळे.

रुळांपलीकडे

रेल्वेच्या लिलावाआधीच जे. टी. मॅकविल्यम्स नावाच्या सर्वेक्षकाने रुळांच्या पश्चिमेला आपले गाव आखले होते. पाणी आणि रेल्वे दोन्ही दुसऱ्या बाजूला असल्याने ते मागे पडले. त्याचेच पुढे ‘वेस्टसाइड’ झाले. १९३१ मध्ये नेवाडात जुगार कायदेशीर झाला, जवळच हूवर धरणाचे काम सुरू झाले, आणि गर्दीबरोबर वर्णभेदही वाढला. मध्यवस्तीतल्या कृष्णवर्णीय दुकानदारांना परवाना हवा असेल तर वेस्टसाइडला जा, असे सुनावले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात मॅग्नेशियमच्या कारखान्याला मजूर हवे होते, तेव्हा लुईझियानातील टलूला आणि आर्कान्सामधील फॉरडाइस या कापसाच्या व लाकडाच्या मुलखांतून माणसे आली. एक यायचा, पत्र धाडायचा, मग भाऊ, मेहुणी, शेजारी. वेस्टसाइडला पक्के रस्ते आणि गटारे मात्र फार उशिरा मिळाली. हॉटेलात गाजलेला कृष्णवर्णीय गायकसुद्धा कार्यक्रम संपल्यावर झोपायला तिथेच जाई.

जेम्स मॅकमिलन हा या शहरातला पहिला कृष्णवर्णीय दंतवैद्य. १९६० च्या मार्चमध्ये त्याने महापौरांना कळवले, की हॉटेले सर्वांना खुली करा, नाहीतर मोर्चा निघेल. मोर्च्याच्या बातमीने पर्यटक घटतील, ही हॉटेलमालकांची भीती त्याने नेमकी ओळखली होती. २६ मार्चला, मोर्च्याच्या आधीच, ‘मूलां रूज’ या बंद पडलेल्या हॉटेलात समझोता झाला. दारे उघडली. पण आत गेलेल्यांना काम अजून मोरीचे आणि झाडूचेच मिळत होते.

रूबी डंकन

रूबी डंकन १९३२ साली टलूलाजवळ जन्मली. कापसाच्या हंगामाप्रमाणे शाळा चाले, त्यामुळे शिक्षण तुटक झाले. १९५२ मध्ये ती लास व्हेगासला आली, मोलकरीण झाली, पुढे हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागली. तिथे सांडलेल्या तेलावरून घसरून तिची पाठ कायमची दुखावली. सात मुलांची ही आई सरकारी मदतीवर आली.

१९७१ च्या सुरुवातीला नेवाडा राज्याने हजारो कुटुंबांची मदत बंद केली किंवा घटवली. लाभार्थी फसवणूक करतात, असा ठपका होता. रूबीने आणि वेस्टसाइडच्या आयांनी उत्तर शोधले ते मॅकमिलनच्याच जातीचे: राज्याची तिजोरी जिथे भरते, तिथे जायचे. ६ मार्चला त्यांचा मोर्चा ‘सीझर्स पॅलेस’मध्ये शिरला आणि काही काळ जुगाराची टेबले थांबली. त्याच महिन्यात फेडरल न्यायालयाने मदत पूर्ववत करण्याचा आदेश दिला.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १९७२ मध्ये या बायकांनी ‘ऑपरेशन लाइफ’ ही संस्था काढली आणि वेस्टसाइडमधल्या एका बंद हॉटेलात दवाखाना, वाचनालय, पाळणाघर चालवले. जिला कारकुनाच्या खिडकीपुढे ताटकळावे लागे, ती आता खिडकीच्या आत बसली.

हॅटी कँटी

हॅटी कँटी अलाबामाची. १९७५ मध्ये नवरा वारला तेव्हा घरात आठ मुले होती. ती हॉटेलच्या खोल्या आवरू लागली, संघटनेत शिरली, आणि १९९० मध्ये कलिनरी युनियन या हॉटेल-कामगारांच्या संघटनेची अध्यक्ष झाली. ‘फ्रंटियर’ हॉटेलातला संप सप्टेंबर १९९१ मध्ये सुरू झाला आणि सहा वर्षे, चार महिने, दहा दिवस चालला. सुमारे ५५० संपकऱ्यांपैकी एकही फुटला नाही. पलंग आवरणाऱ्या बाईला त्या पगारात घर घेता यावे, ही अपेक्षा या शहरात वेडगळ ठरली नाही, त्यामागे अशी चिकाटी आहे.

ही आयुष्ये आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः सांगितलेल्या आठवणींतून. नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास येथील मौखिक इतिहास केंद्राने मोलकरणी, आचारी, बांधकाम मजूर यांच्या मुलाखती जपल्या आहेत. आठवणीत तारखा सरकतात. म्हणून ती वृत्तपत्राशी आणि न्यायालयाच्या निकालाशी ताडून पाहावी लागते. पण वृत्तपत्रात मोर्च्याची गर्दी मिळते, त्या दिवशी मुलांना कोणाकडे सोपवले ते मिळत नाही. हॉटेले पाडली की त्यांच्या पाट्या संग्रहालयात जातात. वेस्टसाइडच्या माणसांची नोंद मुद्दाम करावी लागली.

ज्या झऱ्यांनी गावाला नाव दिले ते १९६२ मध्ये आटले. आता पाणी मुख्यतः कोलोरॅडो नदीचे आहे. नॉर्थ लास व्हेगासमध्ये २०१० साली एक प्राथमिक शाळा उघडली. कापूस वेचण्यासाठी जिची शाळा बुडत असे, त्या रूबी डंकनचे नाव तिच्या फलकावर आहे.